चार खिडक्यांचं घर

नव्वदच्या आसपास सासऱ्यांनी अंबडला स्लॅबचं घर बांधलं. मी नवी सून, शाळेत चित्रकला शिकवायची. वास्तुशांतीला बैठकीच्या भिंतीवर माझं चित्र लागावं, एवढी एकच माझी हौस. आल्या-गेल्यांनी माहेरची भांडी बघितली नसती तरी चाललं असतं.

आठ दुपारी समोरच्या निंबाखाली बसून मी ते घरच रंगवलं. उन्हातल्या भिंतीला पिवळ्याचे जाड, रुंद फटकारे, सावली जांभळी आणि चार खिडक्यांचे दोन निळे ठिपके. तीनच्या उन्हात तेवढंच दिसतं!

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांनी चित्र पालथं-उलथं केलं.

"खिडक्या चार बसवल्या, हितं दोनच दिसून राह्यल्या. अन् प्लास्टर तर घोटलंच न्हाई!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घर बांधलेल्या मिस्त्रीलाच बोलावलं. "एवढं गुळगुळीत करून दे, मंग लावू."

मिस्त्री थापी घेऊन आला. शप्पथ, थापी घेऊन! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हात तर लावून बघा," म्हणत मी चित्रापुढं उभी राहिले. डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं गेला होता.

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. चित्र ओट्यावर टेकवून तो उलट्या पावलांनी फाटकापर्यंत गेला आणि ओळंबा बघताना मिटतात तसा एक डोळा मिटून उभा राहिला. मग मामांकडं वळला. माझा जीव टांगणीला.

"अण्णा, ही पश्चिमेची भिंत हाय. हिचं प्लास्टर करताना पाठ भाजून निघाली माझी. ताईंनी बराबर तेच ऊन लावलंय. घोटलं तर जाईल ते."

मला रडूच आलं. घरात कुणालाच न दिसलेलं त्या माणसाला दिसलं होतं. मामा घसा खाकरत म्हणाले, "ठोक मंग खिळा."

वास्तुशांतीला चित्र समोरच होतं. पण मामा गप्प बसतील तर शपथ! जेवण झालेल्या प्रत्येक पाहुण्याला चित्र दाखवायचे आणि लगेच हाताला धरून रस्त्यावर न्यायचे. "खिडक्या चार हायेत बरं का. मोजून घ्या."

तीनच्या सुमाराला त्यांच्या थोरल्या भावाची पाळी आली. ते उन्हाला आडवा हात धरून घराच्या भिंतीकडं बघत राहिले.

"कशाच्या चार रे?" ते म्हणाले. "मला तर दोनच दिसून राह्यल्या."