दूर नेलेल्या सहा ओळी

मिर्ता ओलिवेरा आणि मी बावीस वर्षं शेजारी-शेजारी बसतोय, आणि त्यातली निदान वीस वर्षं मी तिच्यावर वैतागलेली आहे. कारखान्यांतली यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम ज्या हत्यारांनी लिहितात, ती आमची कंपनी इथे उरुग्वेत, मोंतेविदेओत बनवते. मिर्ताकडे डीबगर आहे. चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवायचा आणि तिथे कुठली नावं लागू आहेत, त्यांत काय साठवलंय, ते सांगायचं, हे त्याचं काम.

हा डीबगर तिने आणि वॉशिंग्टन पिरिसने मिळून लिहिला. इथल्या बँका बुडाल्या त्या वर्षी वॉशिंग्टन स्पेनला गेला. जाताना तिला म्हणाला, "चल." तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. मिर्ता म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." आई पुढे अकरा वर्षं जगली. वॉशिंग्टनने तिकडे लग्न केलं आणि ते मोडलं, हे आम्हाला तिसऱ्याकडून कळलं. मिर्ताने लग्न केलं नाही, आणि त्यावर कुणाला बोलूही दिलं नाही.

या मार्चमध्ये त्याचा फोन आला. तो आता फरशा भाजणाऱ्या कारखान्यात होता आणि भट्टीचा प्रोग्रॅम आमच्याच डीबगरने तपासत होता. मिर्ताचे हात कायम कीबोर्डवर, म्हणून ती फोन स्पीकरवर ठेवते. सगळं मला ऐकू येतं.

"मिर्ता, तुझा डीबगर खोटं बोलतोय."

"आपला डीबगर. बोल."

"भट्टीच्या तापमानाची मर्यादा साडेअकराशे आहे. हा नऊशे दाखवतोय."

प्रोग्रॅममध्ये ओळींचे गट, म्हणजे ब्लॉक असतात, ब्लॉकच्या पोटात आणखी ब्लॉक असतात आणि प्रत्येकाची आपापली नावं असतात. प्रोग्रॅम थांबला की डीबगर ती जागा सामावणारा सगळ्यात आतला ब्लॉक शोधतो. नाव तिथे मिळालं तर ठीक, नाहीतर त्याला वेढणाऱ्या ब्लॉकमध्ये बघतो, मग त्याच्याही बाहेर. 'मर्यादा' हे नाव भट्टीच्या प्रोग्रॅममध्ये आतही होतं आणि बाहेरही. आतल्या ब्लॉकमध्ये उभं असताना आतलंच दिसायला हवं. पण या दोघांनी तरुणपणी प्रत्येक ब्लॉकची एकच सुरुवात आणि एकच शेवट टिपून ठेवला होता. पुढे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हुशार झाला. क्वचित लागणाऱ्या ओळी तो उचलून पार लांब नेऊन ठेवायला लागला. त्या आतल्या ब्लॉकमधल्या अशा सहा ओळी दूर गेल्या होत्या. तिथे थांबलं की डीबगरला वाटायचं, आपण त्या ब्लॉकमध्ये नाहीच, आणि तो बिनदिक्कत बाहेरचे नऊशे दाखवायचा.

मग रोज दुपारी बाराला फोन. पाच मिनिटं बिघाड, पाऊण तास बाकी सगळं. त्याचा गुडघा, तिथला मिळमिळीत पाव, इथल्या किनाऱ्यावरचा वारा. तिकडे 'माते' या आमच्या कडवट चहाची पत्ती मिळते पण ती नुसती धूळ, असं तो म्हणायचा. मिर्ता हसायची. तिचं हसणं मी विसरूनच गेले होते. शेवटी तो विचारायचा, "सापडलं का?" ती म्हणायची, "अजून नाही."

महिना उलटला. एका सकाळी दुसरंच काही शोधताना मला तिची दुरुस्ती दिसली. ब्लॉकला आता एका सलग पट्ट्याऐवजी तुकड्यांची यादी होती. दूरच्या सहा ओळीही त्याच ब्लॉकच्या नावावर लागल्या होत्या. चाचण्याही झालेल्या. तारीख त्याच्या पहिल्या फोननंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"जाडे, तू तुझं काम बघ."

"तिकडे त्याची माणसं रोज हाताने आकडे पडताळत बसलीत. लाज वाटते का काही?"

"वाटते." तिने माते भरला, पण प्यायली नाही. "पण हे पाठवलं की तो कशाला फोन करेल?"

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. इतकी वर्षं शेजारी बसून मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. तरी म्हटलं, "पाठव." तिने पाठवलं.

त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. चालतंय, सगळे खूश आहेत. त्यानंतर फोन नाही. तीन आठवडे ती दुपारी बाराला जेवायला उठायची नाही. मी करंजीसारख्या खमंग एम्पानादा आणून तिच्यापुढे ठेवायची आणि त्या तशाच गार व्हायच्या.

काल बाराला तिने स्वतःच नंबर फिरवला. स्पीकर बंद करायचं तिला सुचलं नाही आणि मी उठून गेले नाही.

"मिर्ता? काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग परत नऊशे दाखवतोय का?"

"नाही. बरोबर चाललंय सगळं." तिचे हात मांडीवर होते. "दुरुस्ती तिसऱ्याच दिवशी झाली होती, वॉशिंग्टन. मी लपवून ठेवली."

 पलीकडून दार लावल्याचा आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बोल," तो म्हणाला. "आता मला काही काम नाहीये."