चहाढोस्या

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून जपानमधल्या ग्योतोकुला आले आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत अर्धवेळ काम धरलं. गेममधल्या राक्षसांची इंग्रजी नावं मी स्पॅनिशमध्ये करायची. एकेका नावासाठी डोकेफोड करत बसले, की साहेब ओरडायचा, "चहा!" ऑफिसात स्पॅनिश येणारी मी एकटी, तरी तयार नावांखाली सही त्याची. मनात म्हटलं, थांब मेल्या.

दलदलीत लोळणारा एक ढेरपोट्या राक्षस होता. त्याचं नाव मी ठेवलं 'त्रागातेस', म्हणजे चहाढोस्या. साहेबाने अर्थही न विचारता सही ठोकली. वर ते त्याला इतकं आवडलं, की प्रदर्शनात ते नाव छातीवर छापलेला टी-शर्ट घालून तो स्पेनच्या पाहुण्यांसमोर उभा राहिला. पाहुणे पोट धरून हसले. तो प्रत्येकाला कमरेत वाकून नमस्कार करत होता.

मग त्याने मला चहा आणायला पिटाळलं. मी हसत हसत आणला आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिला. त्याने तो एका दमात ढोसला.