बाळंतिणीची खोली माशाला

ढुंढिराजला नाशकात अजून प्राध्यापक म्हणणारे लोक आहेत. म्हणोत बापडे. मी तोंडावर भाऊजी म्हणते, कारण तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाठीमागे मात्र एकेरीच, आणि तेही जास्तच होतं.

जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि डोक्यात काय उरलं, तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातले सनफिश! कुणाच्या मुंजीत भेटला तरी हेच पुराण. ज्या माशाला लोक काळा बास म्हणतात तो खरा बास नव्हेच, तो सनफिशच्या कुळातला. खऱ्या बासचं कूळ निराळं. पाठीवरच्या पराचे काटे बघा म्हणजे कळेल. समोरच्याचा मठ्ठा गरम झाला तरी याचं कूळ संपायचं नाही.

बहीण गेली आणि याला रान मोकळं झालं. फ्लॅटमध्ये बेडरूम एकच. तिचा पलंग भंगारात दिला, तिथे काचेच्या टाक्या मांडल्या, कुठून तरी निळ्या गालांचे सनफिश पैदा केले आणि स्वतः हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागला. ज्या घरात कधी सुकट शिजली नाही, तिथे दारातच मासळीचा वास.

त्यात सईचे दिवस भरत आले. सई त्याची एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं? सासूने विचारलं होतं, आई नाही तर इथेच राहतेस का. पोरगी म्हणाली, बाबा आहेत ना. यानेही फोनवर 'ये की' म्हटलं. मी तिला पुण्याहून घेऊन आले, तर टाक्या जागच्या जागी.

नराने वाळूत खळगा केलाय, मादीने कालच अंडी घातलीत, म्हणाला. दिवा लावला, दार वाजलं, तर नर बिथरून स्वतःचीच अंडी खातो. सईने दिवाणावर झोपावं, मिक्सर लावू नये. संडासाची वाट त्या खोलीतून, म्हणून तिने शेजारी बयाबाईंकडे जावं. आठवा सरलेल्या पोरीने! वर कौतुकाने सांगतो कसा, मादी अंडी घालून निघून जाते, पुढचं सगळं बाप करतो. शेपटीने पाणी हलवतो, जवळ येईल त्याला हाकलतो, स्वतः धड खातसुद्धा नाही. लाज कशाशी खातात ते ठाऊक असतं तर तिथेच जीभ चावली असती.

सई सुजलेले पाय लांब करून ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, मी तुमच्या घरी आलेय की त्यांच्या?"

"अगं, आठवड्याचाच तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

मी तिची बॅग उचलली आणि नाशिक रोडला माझ्या घरी आणली. रोज संध्याकाळी पोरगी फोन उशाशी घेऊन बसायची. एकदा त्याचा आला. तिचा चेहरा उजळला. अंड्यांना बुरशी लागली, उरलेली नराने खाऊन टाकली, एवढं तो सांगत राहिला. तू कशी आहेस, हे विचारलं नाही. तिने फोन ठेवला आणि पुन्हा कधी उशाशी घेतला नाही.

मुलगी झाली. बारशाला हा आला. पाळण्यात डोकावला आणि म्हणाला, "खोली रिकामी केलीय हं आता. केव्हा येतेस?"

सईने बाळाचं टोपडं नीट केलं. त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "मावशी, पाहुण्यांचं पान वाढ. त्यांना उशीर होत असेल."

मला वाटलं, आता तरी याला कळेल. कळतंय कसलं! पाटावर बसला, शेजारच्याला बासचं कूळ समजावून सांगितलं आणि श्रीखंड दुसऱ्यांदा मागून घेतलं.