शुक्रवारचा मनाब

गृहविज्ञानाच्या पदवीला तिसऱ्या वर्षी एक प्रकल्प असतो. एका घरात आठवडाभर कोण किती खातं, ते मोजून लिहायचं. मी आमचंच घर धरलं. वजनकाटा घेऊन लोकांची दारं कोण ठोठावणार? त्या आळसाची फळं अजून भोगते आहे.

आमची चूल नेअमात आत्याच्या हातात. मी चार वर्षांची असताना आई गेली, आणि विधवा आत्या तांता शहराजवळच्या आमच्या गावी कायमची राहायला आली. आजोबा, बाबा, तीन भाऊ आणि मी, सगळ्यांचं तिनेच केलं. मांस शुक्रवारी. प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा म्हणजे त्याचा मनाब, आणि तो घरची बाईच देते. कुणी मागायचा नाही, कुणी नाकारायचा नाही. आत्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून तुकडा निवडायची.

"आत्या, तुझा मनाब?" मी वही घेऊन विचारलं.

"मला दात कुठेत गं? मुलुखियाची पातळ पालेभाजी नि भात खाल्ला की झालं माझं. आणि तो काटा उचल आधी, रश्श्यात बुडेल."

मी लिहिलं: गृहिणी, मांस, शून्य. अहवालात वाक्य टाकलं, 'गृहिणीच्या अज्ञानामुळे घरातील अन्नाचे वाटप असमान आहे.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते सांगतानाही लाज वाटते.

सादरीकरणाला घरच्यांना बोलावलं होतं. आत्या ठेवणीतला काळा झगा घालून आली, कॉलेजच्या बाईंसाठी घरची बिस्किटं घेऊन. तिला वाचता येत नाही, पण मी ते वाक्य मोठ्याने वाचलं, चांगलं ठासून. बाई म्हणाल्या, "उत्कृष्ट!" टाळ्या पडल्या. आत्यानेही वाजवल्या.

परतताना गाडीत ती म्हणाली, "राबाब, ती अज्ञानी बाई म्हणजे मीच ना गं?"

"आत्या, ती शास्त्राची भाषा असते. असंच लिहितात."

"असेल बाई. नाव नाही घेतलंस, तेवढं बरं केलंस."

तेव्हाच तिचे हात धरून माफी मागायला हवी होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. खरं सांगायचं तर 'उत्कृष्ट' अजून कानात होतं.

पुढच्या शुक्रवारी आत्याने पळी माझ्या हातात दिली.

"आज तू वाढ. शिकलेल्या हाताने नीट वाटप होऊ दे."

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. गावात कुठल्या घरची बाई आपण होऊन पळी सोडते? आजारी पडली तरी सोडत नाही. मी नको नको म्हणत पातेल्याचं झाकण काढलं. आत सहा तुकडे होते. खाटकाकडून आत्या नेहमी एक किलो आणते, त्याचे सहाच होतात. मी आठवडाभर कणन् कण मोजला होता, पण पातेल्यात तुकडे किती पडतात हे कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही सात जण.

बाहेरून बाबा ओरडले, "अगं झोपलीस का? भात गार झाला!"

"डॉक्टरीणबाई वजन करतायत!" धाकटा भाऊ तारेक खिदळला.

मी सुरी घेतली. याचा कोपरा, त्याची कड असं करत सातवा मनाब जमवला आणि आत्याच्या ताटलीत ठेवला. अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. आता तिच्याकडे बघायला हरकत नव्हती.

तिने साती ताटल्यांवरून नजर फिरवली. "कुणाकुणाचा कापलास?"

"बाबांचा, आजोबांचा, तारेकचा, थोरल्या दोघांचा..."

मी थांबले. माझ्या ताटलीतला तुकडा अख्खा होता. सगळ्यांत मोठाही तोच होता.

"असू दे गं," आत्या ताटल्यांचं तबक उचलत म्हणाली. "चूक माझीच. मोठा तुकडा तुला द्यायची सवय मीच लावली."