खाटेवरून बांधीपर्यंत

“याला डिप्रेशन आहे,” गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं.

मायनं विचारलं, “म्हंजे का होते जी?”

डिप्रेशन म्हणजे मन सतत खचलेलं राहणं, कशाचीच इच्छा न उरणं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. बाबा एवढंच म्हणाले, “आमचा पोरगा आळशी नाही जी.”

“मी तसं म्हटलंच नाही,” डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. गोंदियाजवळ फुलचूरला खोली करून राहायचो. आधी झोप गेली, मग कॉलेज सुटलं. डबा आला तसा परत जायचा. शेवटी खोलीतल्या मित्रानं घरी फोन केला.

रक्ताची तपासणी झाली, थायरॉइडची झाली. बाकावर बसून मी मनात म्हणत होतो, काहीतरी निघू दे. गावात सांगायला सोपं गेलं असतं. सगळं नॉर्मल निघालं.

गोळ्या सुरू झाल्या आणि मी देवरीकडच्या आमच्या गावी आलो. पुढच्या वेळी मानसशास्त्रज्ञ मॅडम भेटल्या. त्यांच्या उपचाराचं नाव बिहेविअरल ॲक्टिव्हेशन. म्हणजे ठरवून रोज थोडं काहीतरी करत राहणं.

“मन लागलं की काम करीन, असं तू म्हणतोस,” त्या म्हणाल्या. “आपण उलटं करू. आधी काम. मन मागून येईल.”

सकाळी उठून आंघोळ, विहिरीचं पाणी भरणं, संध्याकाळी सडकेपर्यंत चालणं. एवढंच सांगितलं होतं.

पण आमच्या घरात शिकणाऱ्या पोराला कामाला लावत नाहीत. आम्ही पोवार, शेतीवाली माणसं. तरी दहावीनंतर मायनं मला चिखलात पाय ठेवू दिला नव्हता. “तू शिकून राहिला ना, मग कायले हात भरवतो?” आता तर मी आजारी. बादली उचलली की ती काढून घ्यायची. “पडून राय बापा, मी आहो ना.” चालायला निघालो की बाबा गाडी काढायचे. “कायले पाय दुखवतो? बस मांगं.”

मी बसायचो. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. असे महिने गेले. परीक्षेच्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. माझी झोप मोडू नये म्हणून माय अंगणातल्या पोरांना हाकलत होती. मी जागाच होतो.

नंतरच्या भेटीत मॅडमनी मायला आत बोलावलं.

“याच्या गोळ्या तुम्ही खाता का?”

“नाही जी, मी कायले खाऊ?”

“मग याची कामं का करता? तेही औषधच आहे.”

दुसऱ्या दिवशी मी बादली उचलली, तेव्हा मायनं ती काढून घेतली नाही.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले होते. पूर्वी मला काय आवडायचं, असं मॅडमनी विचारलं होतं. लहानपणी मी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणाऱ्या बायांकडे पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या फेकायचो. मी तेच करायला उतरलो.

“कॉलेजात आता हेच शिकवून राहिले का, बाबू?” एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मायचा चेहरा उतरला, पण तिनं मला परत पाठवलं नाही.

पहिल्या दिवशी मी लवकरच थकून घरी आलो. आवडलं वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, मग जात राहिलो. एका दुपारी मी अजून भात मागितला, आणि माय ताटाकडे बघत उभी राहिली.

पुढच्या वर्षी मी मागच्या वर्गातल्या मुलांबरोबर परीक्षा दिली आणि पास झालो. माझे सोबती तोवर गोंदिया सोडून गेले होते.

डॉक्टर आणि मॅडम यांचे उपकार मी विसरणार नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच बंद केल्या. तुमच्या घरात कोणी असं पडून असेल, तर त्याला धाक दाखवू नका, पण त्याच्या हातचं कामही काढून घेऊ नका. हे मला माय-बाबांना वेळेवर सांगता आलं असतं, तर बरं झालं असतं.

निकाल घेऊन घरी आलो त्या दिवशी मायनं विचारलं, “तुहं एक साल मीनंच बुडवलं का रे?”

मी म्हणालो, “नाही माय, आजारानं बुडवलं.”

तिनं मान हलवली. पण तिला ते पटलं नाही. त्या वर्षाची हळहळ मला आहेच, तिला माझ्याहून जास्त आहे, आणि तिच्या हळहळीवर मॅडमकडे काही उपाय आहे का, हे मी अजून विचारलेलं नाही.