रुमालाखालचा तह

"हात घाल!" वर्गात पाऊल टाकताच सर खांद्यावरचा रुमाल झटकायचे आणि पुढच्या बाकावरच्या पोराला फर्मान सोडायचे. तुम्ही काष्टीचा बैलबाजार पाहिला असेल तर पुढचं सांगायला नको. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. सरांचे वडील त्या बाजारात दलाल होते. मुलगा शाळेत इतिहास शिकवायला लागला, पण रुमाल काही सुटला नाही.

"सौदा केल्याबिगर तह कळत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धड्यात तह आला की दोन पोरं राजे होऊन समोरासमोर बसायची, मध्ये रुमाल, आणि बाकीची प्रजा कडेनं ओरडायची. शेजारच्या वर्गात मी कविता शिकवायचो. हळुवार ओळ आली की भिंतीपलीकडून नेमकी "दाब, दाब, सोडू नको!" अशी आरोळी यायची.

शेवटी मुख्याध्यापक वैतागले. "उद्या साहेब तपासणीला येतायत. त्यांनी नावं ठेवली तर इतिहास काढून घेईन. तुम्ही कवायत घ्या." सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. जेवणावर रुसलेले सर मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला फार वाईट वाटलं.

साहेब आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागे. वर्गात नगरच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडलेला. साहेबांनी विचारलं, "किल्ल्यातल्या राणीनं वऱ्हाड का देऊन टाकलं?"

राणी झालेली पोरगी म्हणाली, "सायेब, तुमी मोगल. हात घाला. पाच बोटं म्हंजे किल्ला, एक बोट म्हंजे वऱ्हाड."

सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मात्र हात घातला! त्यांनी पाच बोटं दाबली, पोरीनं एक. पुन्हा पाच, पुन्हा एक. साहेब चिडून हात काढायला लागले.

"जावा की. तुमच्या घोड्यांना दाना न्हाई, आन आमची मदत वाटंवर हाय."

साहेबांना घाम फुटला. "बरं, वऱ्हाड तरी दे."

"दिलं. तुमी वेढा उठवतच नव्हता, म्हनून दिलं."

साहेब बोटं चोळत बाहेर आले. मुख्याध्यापकांना म्हणाले, "पोरगी लई कडक हाय हो!" ही स्तुती की तक्रार, हे मुख्याध्यापकांना ठरवता येईना, म्हणून इतिहास सरांकडेच राहिला. त्या दुपारी सरांनी माझाही डबा संपवला.

यंदा सर निवृत्त झाले आणि इतिहास माझ्याकडे आला. साहेब पुन्हा तपासणीला आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. सगळ्या वर्गानं पुस्तकातलं उत्तर एका सुरात म्हटलं, एक शब्द चुकला नाही.

"उत्तम," साहेब म्हणाले. जरा वेळ तिथंच घुटमळले. मग दाराशी येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "ते सर राहतात कुठं हो?"