शकूची गेरूची खूण

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी झोपेतच गेली," तिचा भाचा म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि पुन्हा मेथी घेऊन बसले. शोकसभेत जो उठला तो तिला देवमाणूस म्हणत होता, आणि मी खुर्चीत बसून चिडत होते. शकू देवमाणूस बिलकूल नव्हती. फटकळ होती, हट्टी होती, चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवणारी होती. मला आठवण येते ती त्या शकूची.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी इगतपुरीच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात होतो. ती नर्स, मी प्रयोगशाळेत. पावसाळ्यात त्या डोंगरात हिवताप ठरलेला. शकू पाड्यापाड्यावर जायची, तापलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायची आणि निघताना दारालगतच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहायची. या घरी जाऊन आलो हे वरिष्ठांना कळावं, एवढाच त्या खुणेचा अर्थ. संध्याकाळी त्या काचा माझ्या टेबलावर. "वसू, डोळे फुटेस्तोवर बघ, पण आजच बघ," हे वर तिचं ठरलेलं वाक्य.

मग एड्स आला. त्याच्या आधी आल्या कवट्यांची चित्रं असलेल्या जाहिराती, आणि माणसं रोगाइतकीच त्या चित्रांना घाबरली. एका पाड्यावरच्या हिराचा नवरा ट्रकवर क्लीनर होता. तो खंगून खंगून गेला, आणि कशाने गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्याच पावसात हिरा तापाने फणफणली. तिच्या ओट्यावर कोणी पाय ठेवेना. शकू गेली, रक्त घेतलं आणि सवयीने भिंतीवर तारीख लिहून आली. दुसऱ्या दिवशी पाहते तर पाड्यावरच्या बाकी सगळ्या भिंती ओल्या मातीने लिंपलेल्या! गेरूची खूण म्हणजे 'तो रोग', असं लोकांनी धरलं होतं. आता तारीख उरली फक्त हिराच्या भिंतीवर. शकू ओलं फडकं घेऊन पुसायला धावली, तर आतून हिरा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. पुसून काय व्हनार हाय? त्यास्नी ठावं हाय समदं."

हिराला तेव्हा हिवतापच होता, तो गोळ्यांनी उतरला. नवऱ्याचा रोगही तिच्या अंगात आहे, हे नंतर कळलं. पण त्या दिवसापासून पाडा ताप लपवायला लागला. शकू दिसली की दारं लागायची. "ताप नाय कुनाला. सुई नाय न् काय नाय, जावा तुमी," हिराची जाऊ उंबऱ्यातूनच ओरडली. पुढे त्याच जावेला हिवताप झाला आणि मेंदूत चढला. कुडापलीकडून तिचं बरळणं हिराला ऐकू आलं, आणि हिराच चिखल तुडवत केंद्रावर सांगायला आली. शकूने घरच्यांना बाजूला सारून जावेला जीपमध्ये घातलं. मी पुढे बसले होते. नाशिकच्या वाटेवर शकू मागे तिचे झटके येणारे हात धरून होती... मग तिने ते सोडले आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. पाड्याने मात्र ठरवून टाकलं की हिरानेच जावेला खाल्लं.

त्याच आठवड्यात शकूने हिराला आपल्या क्वार्टरवर आणलं. निवृत्त होऊन ती नाशिकला इंदिरानगरात राहायला आली तेव्हा हिराही बरोबर आली. सरकारी दवाखान्यात फुकट औषधं मिळायला लागल्यावर हिरा अंगाने भरली, हसायलाही लागली. पाहुणे आले की शकू सगळी ताटं हिराच्या हातात द्यायची आणि "वाढ" म्हणायची. कोणी चुळबुळ केली तर, "भूक नसेल तर सरळ सांगा." पण आम्ही दोघीच असलो की विचारायची, "मी तारीख लिहिलीच नसती तर, वसू?" मी तिला नाना परीने समजावलं. शेवटपर्यंत तिला ते पटलं नाही.

आता महिना होत आला. परवा इंदिरानगरला गेले होते. हिराने राहावं, आपली हरकत नाही, असं भाच्याने सांगितलंय. पोरगा चांगला आहे. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर मांडणीत ताटं नेहमीसारखी, आणि मोरीपाशी एक ताट, एक वाटी, एक पेला वेगळे उपडे घातलेले. माझं डोकंच फिरलं. "हे कोणी काढून ठेवलं? भाच्याने?"

"नाय बाई. मीच," हिरा म्हणाली. "कुनी म्हनायच्या आधी आपुनच ठिवल्यालं बरं. आता भांडायला त्या नायत."

शकूने एका वाक्यात निकाल लावला असता. मी त्याच ताटात जेवले, आणि ते धुऊन बाकीच्या ताटांमध्ये ठेवून आले. काल पुन्हा गेले, तर ते परत मोरीपाशी उपडं होतं.